बुरैद्याची खुशाली

बुरैदा, सौदी अरेबिया
११ फेब्रुवारी १९७९

बेटी सफूरा हिस अब्बाची दुवा.

सुरैया खालाचे पत्र काल मिळाले. तुला मोंबासाला तिच्याकडे पाठवले ते खुर्शीदला पाहण्यासाठी. माणसे आपल्या बाणकोटचीच, हार्डवेअरचे दुकान स्वतःचे, मुलगा निर्व्यसनी. मला वाटले पत्रात तारीख ठरल्याची बातमी असेल. त्याऐवजी खाला लिहिते की तू मोंबासा सोडून म्वानगोनी नावाच्या कुठल्या खेड्यात मुलांना शिकवायला गेलीस, आणि तेही बिनपगारी. बिनपगारी हा शब्द तिने दोनदा लिहिला आहे.

मी आधी धाहरानला कंपनीच्या कँपात पाइपलाइनवर उन्हात उभा राहिलो, आता इथे खजुराच्या बागांतले पंप दुरुस्त करत फिरतो. तुला रत्नागिरीला ठेवून बी.एस्सी. केले ते परक्या मुलखातल्या पोरांना फुकट शिकवण्यासाठी नव्हे. तिकडे त्यांचे सरकार आहे, मिशनवाले आहेत. आपण कोण? आपल्याच गावच्या हायस्कूलला सायन्सचा मास्तर टिकत नाही, तिथे शिकवायला तू तयार नव्हतीस.

तू मोंबासाला गेलीस तेव्हाच मी इथे सर्वांना सांगून बसलो आहे की माझी मुलगी आफ्रिकेत प्रोफेसर आहे. माझ्या खोलीतला साताऱ्याचा पांडू, त्याने त्या आनंदात सर्वांना चहा पाजला. आता मी काय सांगावे?

पत्र मिळताच खालाकडे परत जा. तुझी अम्मी नीट जेवत नाही असे कळते.

सिराजुद्दीन


म्वानगोनी, केनिया
२० मार्च १९७९

प्रिय अब्बा,
सलाम. अम्मी नीट जेवते. तिचं पत्र मलाही आलंय, त्यात तिने नारळाच्या वड्या केल्याचं लिहिलंय.

मी इथे पळून आलेले नाही. खुर्शीदच मला घेऊन आला. या शाळेच्या छपराचे पत्रे त्याच्या दुकानातून यायचे होते. खाला म्हणाली, चल, गावही बघून होईल आणि मुलगाही. पत्रे उतरवेपर्यंत मी वर्गांतून हिंडत होते. हेडमास्तर हमिसींनी विचारलं, तुम्ही काय शिकलात? मी म्हटलं, जीवशास्त्र. ते म्हणाले, चौथीच्या वर्गाने जीवशास्त्राचा मास्तर अजून पाहिलेला नाही, एक तास घ्याल का? इथे चौथी म्हणजे आपली अकरावी. मी तास घेतला. त्यानंतर गाडीत जाऊन बसवेना.

या शाळांना 'हरांबी' शाळा म्हणतात. गावकरी मिळून भिंती उभारतात, सरकार मास्तर देत नाही. म्हणून जो कुणी वाटेने जातो त्याला हे लोक धरून ठेवतात. माझ्याआधी एक इंग्रज मुलगा होता, त्याला हिवताप झाला आणि तो गेला. मी हमिसींच्या आईकडे राहते. मक्याचं पीठ, भाजी, अंडी गावातून येतात. सूक्ष्मदर्शक नाही, गॅस नाही. परवा खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणलं. तिसरीतली म्वानासिती नावाची मुलगी पुढे आली, तिने ते हातात घेतलं आणि चारही कप्पे बोट घालून दाखवले. तिला नर्स व्हायचंय. होईल.

गावच्या हायस्कूलबद्दल लिहिलंत ते लागलं. तिथे मला अर्ज करू दिला नव्हता, कारण मुलीने एकटीने एस.टी.ने जायचं नाही असं तुम्हीच कळवलं होतं.

एक मागणं आहे. हे बहुतेक मुसलमान लोक आहेत. माझे वडील अरबस्तानात आहेत हे कळल्यापासून मुलं विचारत असतात, तिकडे कसं आहे. तुम्ही एक पत्र लिहा, मी भाषांतर करून वर्गात वाचेन. आणि प्रोफेसर म्हणायला माझी हरकत नाही.

तुमची,
सफूरा


बुरैदा
२ मे १९७९

बेटी सफूरा,
तुझ्या विद्यार्थ्यांसाठी लिहितो. माझा सर्वांना सलाम सांग.

अल्लाच्या कृपेने मला दोनदा मक्केला जाऊन उमरा घडला. काबा पहिल्यांदा दिसतो तेव्हा माणूस मागायचे ते सगळे विसरतो. या देशात रस्ते आरशासारखे आहेत. जिथे काल वाळू होती तिथे आज विजेचे दिवे आहेत. नमाजची बांग झाली की सोनार दुकान उघडे टाकून मशिदीत जातो आणि कोणी काडीला हात लावत नाही. बुरैद्याचा खजूर बाजार तर पाहण्यासारखा. हंगामात पहाटेपासून गाड्यांच्या रांगा, मालक स्वतः हाताने खजूर चाखायला देतो. पगार तारखेला हातात पडतो. बाईमाणसाकडे कोणी मान वर करून पाहत नाही. कष्ट करणाऱ्याची इथे कदर आहे.

इथपर्यंत वाच. पुढचे फक्त तुझ्यासाठी.

पांडू गेला. शेजारच्या बागेतल्या एका ड्रायव्हरचा पगार अडकला होता. पांडूने त्याच्या वतीने कफीलशी, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा परवाना असतो त्या मालकाशी, तोंड वाजवले. दुसऱ्या दिवशी त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवले. त्याची पेटी अजून माझ्या खाटेखाली आहे. पासपोर्ट सर्वांचे कफीलच्या कपाटात असतात. मी काही बोललो नाही. आमचाही पगार दोन महिने आलेला नाही, येईल. अम्मीला यातले काही लिहू नकोस.

तुझे अक्षर सुधारले आहे.

सिराजुद्दीन


म्वानगोनी
९ सप्टेंबर १९७९

प्रिय अब्बा,
तुमचं पत्र मी जूनमध्ये वाचलं, तुम्ही सांगितलं तिथपर्यंत. वर्गात वाचलं, मग हमिसींच्या आग्रहाने मशिदीसमोर पालकांपुढे वाचलं. सोनाराच्या दुकानाचा भाग सगळ्यांनी परत वाचायला लावला. तुमच्याबद्दल विचारणारी म्हातारी माणसं आता मला रस्त्यात थांबवून सलाम करतात.

ऑगस्टच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि म्वानासिती आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की ती तुमच्या देशात गेलीय.

तिचा बाप जुमा ताडी काढतो, पाच मुलांचा बाप आहे. मोंबासात एक एजंट आहे, तो मुलींना घरकामासाठी सौदीत पाठवतो. त्याने जुमासमोर तीन गावं ठेवली. जुमाने बुरैदा निवडलं, कारण मॅडमचे वडील तिथे आहेत. सुट्टी लागायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. पत्रात आहे ते खरं का, एवढंच त्याने विचारलं. तो का विचारतोय हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, माझे वडील खोटं लिहीत नाहीत.

अबू सालेह नावाच्या माणसाचं घर, गावाच्या उत्तरेला मोठी खजुराची बाग, एवढा पत्ता आहे. तुम्ही बागांमधून फिरताच. तिला पाहून या. दोन वर्षांनी परत येईल आणि परीक्षा देईल असं ती हमिसींना सांगून गेलीय. तिची वही माझ्याकडे आहे असं तिला सांगा.

सफूरा


बुरैदा
२८ डिसेंबर १९७९

बेटी,
पत्र उशिरा मिळाले. गेल्या महिन्यात मक्केत हरम शरीफमध्ये बंदूकवाले घुसले ते तू रेडिओवर ऐकले असेल. तेव्हापासून रस्त्यारस्त्यावर तपासणी आहे. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात नसेल तर सरळ गाडीत घालतात.

अबू सालेहची बाग मला माहीत आहे. पण परक्या माणसाने दुसऱ्याच्या घरातल्या बाईची चौकशी करणे इथे किती वाईट समजले जाते याची तुला कल्पना नाही. तिचे आईबाप तिला राजीखुशीने पाठवतात आणि शोधायला मी जायचे? तू तिची मास्तरीण आहेस, आई नव्हेस.

जमल्यास बघेन. खुर्शीद अजून थांबला आहे असे खाला लिहिते.

सिराजुद्दीन


म्वानगोनी
१७ फेब्रुवारी १९८०

अब्बा,
म्वानासितीची आई दर आठवड्याला बाजारावरून शाळेत येते. वर्गाबाहेर आंब्याखाली बसते, माझा तास संपला की माझ्या तोंडाकडे बघते आणि उठून जाते. गेल्यापासून मुलीचं एकही पत्र नाही, आणि ती तर वर्गात सगळ्यांत चांगलं लिहिणारी मुलगी.

मला राग आला तर मी लिहिते, तुम्हाला राग आला की तुम्ही खुर्शीदचं नाव काढता. खुर्शीदचं नंतर बघू. तुम्ही एकदा जा. पंपाचं निमित्त करा.

सफूरा


बुरैदा
१५ एप्रिल १९८०

बेटी सफूरा,
मी जाऊन आलो. तुझ्या जिवाला आता शांतता वाटू दे.

अबू सालेहकडून पंपाचे बोलावणे आले तेव्हा मुद्दाम मीच गेलो. माणूस भला आहे, वयस्कर, दाढी मेंदीने रंगवलेली. काम चालू असताना तुझी विद्यार्थिनी स्वतः चहा घेऊन आली. अंगाने भरली आहे. कानात सोन्याच्या रिंगा आहेत, मालकिणीने ईदला दिल्या म्हणे. घरातली लहान मुले तिच्या पायात घुटमळत होती. तुझे नाव घेताच हसली. कामामुळे पत्र लिहायला होत नाही, आईला सांगा मी मजेत आहे, असे म्हणाली. तिला वेगळी खोली आहे, पंखा आहे. वहीचेही सांगितले.

आता तू तुझ्या आयुष्याचा विचार कर. बापाने तुझे ऐकले, तू बापाचे ऐक.

सिराजुद्दीन


म्वानगोनी
१ जून १९८०

प्रिय अब्बा,
तुमचं पत्र मी आंब्याखालीच वाचून दाखवलं. तिची आई इतकी साधी बाई, तिने माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. संध्याकाळी जुमा कोंबडा घेऊन आला. तुमच्या वडिलांना दुवा कळवा, म्हणाला. मी तुमच्यावर उगाच चिडले होते. क्षमा करा.

शाळेत नवीन खोलीच्या भिंती खिडकीपर्यंत आल्यात. चौथीची परीक्षा नोव्हेंबरात. मी त्यांना रक्ताभिसरण शिकवताना अजून म्वानासितीचं नाव घेते.

एक गोष्ट झाली. दुसरीच्या वर्गातल्या मरियम आणि बिंटी या सख्ख्या बहिणींना त्याच एजंटाने मागितलंय. गेल्या महिन्यापर्यंत मी त्यांच्या घरी जाऊन भांडत होते. आता त्यांची आई म्हणते, तुमच्या वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ना? मी भांडण सोडून परत आले. त्या हाइल नावाच्या गावी जातील, दोघी एकाच घरात.

खुर्शीद मागच्या रविवारी आला होता. शाळेसाठी फळा घेऊन आला, पैसे घेतले नाहीत. मी त्याला विचार करते म्हणून सांगितलंय.

सफूरा


बुरैदा
३० जून १९८०

सफूरा,
त्या दोन मुलींना पाठवू नका. व्हिसे बंद होत आहेत, हाइलकडे थंडी फार असते, आणि इतक्या लहान मुलींना काम झेपायचे नाही. त्यांच्या आईला मी सांगितले म्हणून सांग. कारण विचारू नकोस. घाईत लिहीत आहे.

सिराजुद्दीन


म्वानगोनी
१८ जानेवारी १९८१

अब्बा,
तुमचं ते चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मरियम आणि बिंटी गेल्या होत्या. थंडीसाठी म्हणून कुणी एवढं लिहीत नाही असं तेव्हाही वाटलं होतं. तुमचं वय झालं, काळजी वाटते, अशी मी समजूत करून घेतली.

म्वानासिती परत आलीय. नाताळच्या आदल्या आठवड्यात. मी ओळखलं नाही. एका कानाने तिला ऐकू येत नाही. वर्गात डावीकडे बसवलं तर मान वळवून बसते. तिला ना पगार दिला ना पत्र लिहू दिलं. झोपायला कोठीघर होतं, बाहेरून कडी लावत. आणखीही काही आहे, ते ती आईला सांगत नाही आणि मी विचारत नाही.

तुमच्याबद्दल मी विचारलं नव्हतं, तिने आपण होऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुमचे वडील आले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या पेटीवर नाव वाचलं. मी इंग्रजीत म्हटलं, तुम्ही सफूरा मॅडमचे वडील आहात, मला इथून घेऊन चला."

मग मालक पुढे आला. त्याने तुम्हाला विचारलं, हिला ओळखतोस? अरबीतलं एवढं तिला समजत होतं. तुम्ही म्हणालात, "नाही."

नंतर तुम्ही चहा प्यायलात. ती उभी होती, कप न्यायचा होता म्हणून. तिच्या डोळ्याला सूज होती तेव्हा. तुम्ही पंपाकडे बघत होतात.

तिला कुणी सोडवलं, सांगू? शेजारच्या बागेतल्या एका म्हातारीने. म्वानासिती तिला आजी म्हणते. भिंतीपलीकडून रडणं ऐकून ती म्हातारी रोज अबू सालेहच्या बायकोकडे जाऊन बसायची. शेवटी आपल्या मुलाला तिने जेद्द्याला केनियाच्या वकिलातीत पाठवलं. तिची ना कुणी मुलगी शिकवत होती, ना तिला कुणी पत्र लिहिलं होतं.

सोन्याच्या रिंगा कशाला लिहिल्यात, अब्बा? नुसतं भेट झाली नाही असं लिहिलं असतंत तर मी त्या दोघींच्या घरी भांडत राहिले असते.

सफूरा


बुरैदा
२२ फेब्रुवारी १९८१

सफूरा,
तुझे पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर देऊ नये असे वाटत होते.

मी नाही म्हणालो हे खरे आहे. होय म्हणालो असतो तर काय झाले असते ते तू सांग. एका परक्या तरण्या मुलीला मी ओळखतो, कसा ओळखतो, कधीपासून ओळखतो? मला त्याच दिवशी आत टाकले असते. तिला आणखी मारले असते. पांडूचे काय झाले ते मी तुला कळवले होते. म्हातारीचे उदाहरण देतेस. ती इथली आहे, तिचा मुलगा इथला आहे, तिला कोण हाकलणार? माझा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात आहे.

रिंगांचे लिहिले ते तुझ्यासाठी. तुला झोप लागावी म्हणून लिहिले. परदेशातला प्रत्येक माणूस घरी असेच लिहितो. मी गेली आठ वर्षे तुझ्या अम्मीला असेच लिहीत आलो आहे, आणि त्यावर तुमचे घर चालले, तुझे कॉलेज झाले. तेव्हा तुम्हाला कोणाला शंका आली नाही.

आणि एक विचारतो. त्या पहिल्या पत्रात मी दोन भाग लिहिले होते. खालचा भाग तुला ठाऊक होता. पासपोर्टचे, पगाराचे, सगळे. जुमा तुझ्या दारात येऊन खरे का म्हणून विचारून गेला. तेव्हा तू त्याला खालचा भाग का सांगितला नाहीस? बापाची शोभा होईल म्हणून? मग मीही तेच केले.

माझे कंत्राट मे महिन्यात संपत आहे. कफील पुढे ठेवणार नाही असे दिसते. मी बाणकोटला जाईन. तू येऊन भेटावेस अशी इच्छा आहे.

सिराजुद्दीन


म्वानगोनी
२५ मार्च १९८१

अब्बा,
खालचा भाग मी सांगितला नाही. तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. मला त्या सलामांची सवय झाली होती. गावात सगळ्यांना वाटायचं, मॅडमचे वडील पाक जमिनीवर राहतात. मीही फुकट शिकवत नव्हते, त्याचा मोबदला घेत होते.

मी जुमाच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता शाळेत जा, मुलं थांबली असतील. तेव्हापासून तो मला सलाम करत नाही.

मरियम आणि बिंटीचा पत्ता सोबत देते. हाइल, गव्हाच्या मोठ्या शेतांजवळ, मालकाचं नाव अरबीतही लिहिलंय. घरी जायच्या आधी तिथे जा. तुम्हाला आता गमवायला इकामाही उरत नाही. त्या जे सांगतील ते लिहा. बरं वाटेल असं काही लिहू नका.

खुर्शीदला मी नकार कळवला. तो चांगला माणूस आहे, त्याचं यात काही चुकलं नाही.

सफूरा


हाइल
३ मे १९८१

बेटी सफूरा,
बसस्थानकावर बसून लिहीत आहे. टपाल इथूनच टाकतो.

कफीलने हाइलला जायची परवानगी दिली नाही, म्हणून न विचारता आलो. रस्त्यात एकदा तपासणी झाली. शिपाई कागद बघून म्हणाला, तू बुरैद्याचा, इथे कशाला? मी म्हटले, भाचीला भेटायला. त्याने सोडले. परत जाताना काय होईल माहीत नाही.

घर सापडले. दारात मालक स्वतः आला. मी त्याला पहिल्यांदाच सांगितले की या मुली ज्या शाळेत शिकल्या तिथे माझी मुलगी शिकवते, त्यांच्या आईने मला पाठवले आहे. मग त्याने मला बैठकीत बसवले आणि दोघींना बोलावले. त्याची आई बरोबर होती, ती दाराशी बसून राहिली.

मरियम म्हणाली, काम पुष्कळ आहे पण जेवण पोटभर मिळते. पगार चार महिन्यांचा मिळाला, बाकीचा जाताना देऊ म्हणतात. मारत नाहीत. शुक्रवारी दुपारनंतर काम नसते. बिंटीला घरची आठवण येते, ती रडली. तिच्या हातावर भाजल्याचा डाग आहे. रोटीच्या भट्टीवर भाजले म्हणाली. मी दोनदा विचारले, दुसऱ्यांदा इंग्रजीत, म्हातारीला कळू नये म्हणून. ती म्हणाली, खरंच भट्टीवर. मरियमनेही तेच सांगितले. पत्रे त्या लिहितात पण मालक पोस्टात टाकायला विसरतो, त्याने माझ्यासमोर कबूल केले आणि दोन पाकिटे माझ्या हातात दिली. त्यातले एक ओले होऊन फाटले आहे, तरी दोन्ही यासोबत पाठवतो.

त्या बऱ्या आहेत, सफूरा. खूप सुखात नाहीत, पण बऱ्या आहेत. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले.

बस लागली आहे.

अब्बा


म्वानगोनी
८ जून १९८१

अब्बा,
हाइलचं पत्र मिळालं. खालाने कळवलं की तुम्हाला बुरैद्याला पोचताच आठवडाभर चौकीत ठेवलं होतं, आणि मग थेट मुंबईच्या विमानात बसवलं. सामान मागे राहिलं. तब्येतीला जपा. अम्मीला सगळं सांगा, तिला आता कुणाकडून तरी ऐकायचंच आहे.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. भट्टीचा डाग, फाटलेलं पाकीट, म्हातारी दाराशी बसलेली. त्यावर माझा विश्वास बसतो. मग आठवतं की मेंदीच्या दाढीवर आणि पायात घुटमळणाऱ्या मुलांवरही असाच बसला होता. दोघींच्या पत्रांत त्या मजेत आहेत असं लिहिलंय. अक्षर मरियमचंच आहे. पण ती पत्रं मालकाच्या हातून आली, आणि ते लिहिताना शेजारी कोण उभं होतं मला माहीत नाही. म्वानासितीला मी विचारलं. ती म्हणाली, मॅडम, मलाही बसवून लिहायला लावलं असतं तर मीही मजेत आहे असंच लिहिलं असतं.

तुम्ही या वेळी खरं लिहिलं असेल. तसं असेल तर तुम्ही जे सोसलंत ते त्या मुलींसाठी सोसलंत, आणि मी तुमची माफी मागायला हवी. मागता येत नाही. खोटं असेल तर रागवायला हवं, तेही होत नाही.

काल मरियम आणि बिंटीची आई आली होती. पोस्टाचा माणूस मोंबासाहून आल्याचं तिने ऐकलं होतं. आंब्याखाली बसली. तास संपल्यावर मी बाहेर गेले. तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. तिने विचारलं, हाइलहून काही आलं?

मी म्हटलं, नाही, अजून काही आलं नाही.

ती बरं म्हणाली आणि घरी गेली.

सफूरा